रडायला एकमत लागत नाही

महाराष्ट्रातील फादर, पाळक आणि मंडळ्यांच्या वडीलजनांना खुले पत्र

आदरणीय फादर, पाळकसाहेब आणि वडीलजनहो,



माझं माहेर नगरचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतलं. सासर वसईचं, कॅथलिक. त्यामुळे मला पाळकही आहेत आणि फादरही आहेत, आणि दोन्हीकडच्या मयताला मी बसलेली आहे. रीती वेगळ्या आहेत. नगरला घरी उपासना होते, भजनं म्हटली जातात आणि सगळे दफनभूमीकडे निघतात. वसईला मिस्सा होते, रोझरी होते, सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस्सा होते. अलीकडे मात्र दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. २ नोव्हेंबर, म्हणजे मृतांच्या स्मरणाचा दिवस जवळ आला आहे, म्हणून ती आत्ताच लिहिते.

आपल्यात कुणी गेलं की आता रडण्याआधी बाजू ठरते.

मयत घरात असतानाच नाक्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लागतो. मधोमध मयताचा फोटो, वर साहेबांचा, आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून पंधरा कार्यकर्त्यांचे पासपोर्ट साइझ चेहरे. घरच्यांनी तो लावायला सांगितलेलं नसतं. संध्याकाळी समोरच्या खांबावर दुसऱ्या गटाचा फ्लेक्स येतो, तोही तितकाच भावपूर्ण. दफनाला कोण आलं, कोण आलं नाही, कुणाचं पुष्पचक्र आधी ठेवलं, याची चर्चा तिसऱ्या दिवसापर्यंत पुरते. ज्या बाईचा नवरा गेला ती आत कॉटवर बसलेली असते आणि बाहेर ओटीवर निवडणुकीचा हिशेब चाललेला असतो.

हे झालं घरातल्या मरणाचं. जे मरण घराबाहेरचं असतं, पण आपल्याला आतून लागतं, त्याचं आणखी अवघड आहे.

५ जुलै २०२१ला फादर स्टॅन स्वामी वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये गेले. वय ८४. पार्किन्सन्सचे रुग्ण. ऑक्टोबर २०२०मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाल्यापासून ते कोठडीत होते. हाताला इतका कंप होता की पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. ते गेल्याची बातमी मुंबई उच्च न्यायालयाला त्यांच्या जामिनाच्या सुनावणीतच कळली. दुसऱ्या दिवशी वांद्र्याच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये मिस्सा झाली. कोविडमुळे आत मोजकी माणसं होती, बाकीच्यांनी ती मोबाइलवर पाहिली. त्याच संध्याकाळी आमच्या ओळखीच्या एका ग्रुपवर कुणी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं, कुणी लिहिलं ‘आधी खटला निकाली लागू द्या’, कुणी लिहिलं ‘फादरांनी राजकारणात पडायचंच कशाला’. रात्री दहाला अॅडमिननं ग्रुप बंद केला. त्या ग्रुपवर अशा दोन बायका होत्या ज्यांना फक्त एका म्हाताऱ्या धर्मगुरूसाठी रोझरी म्हणायची होती. त्यांची रोझरी राहूनच गेली.

३ मे २०२३ला मैतेई आणि कुकी-झो समाजांच्या संघर्षात मणिपूर पेटलं. आपल्याकडे काही चर्चमध्ये प्रार्थना झाल्या, मेणबत्त्या लागल्या. काही ठिकाणी मात्र वेदीवरून एक अक्षर निघालं नाही, कारण ‘विषय नाजूक आहे’. तिकडे कुकी-झो मृतांचे देह शवागारात महिनोन् महिने पडून राहिले. २० डिसेंबर २०२३ला चुराचांदपूरला ८७ देहांचं एकत्र दफन झालं, म्हणजे पहिल्या ठिणगीपासून साडेसात महिन्यांनी. आणि मैतेई समाजातले जे ख्रिस्ती होते, त्यांची देवळं त्यांच्याच समाजाच्या जमावानं जाळली. एका बाजूला ते परधर्माचे होते आणि दुसऱ्या बाजूला शत्रूच्या जमातीचे. त्यांच्यासाठी रडायला कुठल्याच बाजूला जागा नव्हती. त्यांची आठवण आपल्या किती मंडळ्यांत निघाली?

जानेवारी २०२५मध्ये बस्तरच्या एका गावातले पास्टर वारले. गावच्या दफनभूमीत त्यांना पुरायला विरोध झाला. मुलगा हायकोर्टात गेला, तिथून सुप्रीम कोर्टात गेला. ७ जानेवारीला गेलेल्या माणसाबद्दल निकाल लागला २७ तारखेला, आणि त्यातही दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. एकीनं म्हटलं, कुटुंबाच्या स्वतःच्या जमिनीत पुरू द्या. दुसऱ्यानं म्हटलं, ठरवून दिलेल्या ख्रिस्ती दफनभूमीतच. आणखी उशीर नको म्हणून शेवटी लांबच्या करकापाल इथल्या दफनभूमीचा आदेश झाला. वीस दिवस बाप शवागारात आणि मुलगा वकिलाच्या दारात. त्या मुलाला रडायला कधी फुरसत मिळाली असेल, असा प्रश्न मला पडला. त्या रविवारी आमच्या चर्चमध्ये मात्र फेस्ताच्या वर्गणीची सूचना झाली.

आता तुमचं नेहमीचं उत्तर मला ठाऊक आहे: देवळात राजकारण नको. एकाच बाकावर सत्तेतल्या पक्षाचा आणि विरोधातला माणूस बसतो, काही बोललं तर एक जण उठून जाईल. ही भीती खोटी नाही. वसईकरांनी ती भोगली आहे. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली आणि गावं वगळण्याच्या मागणीवरून आंदोलन पेटलं, तेव्हा एका आळीत दोन झेंडे होते आणि सख्खे भाऊ एकमेकांच्या घरच्या लग्नाला गेले नाहीत. मराठवाड्यात आणि नगर जिल्ह्यात दुसरीच भीती आहे. १९५०च्या आदेशानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याचं अनुसूचित जातीचं आरक्षण जातं. पुढे शीख आणि बौद्धांना ते मिळालं, ख्रिस्ती आणि मुसलमानांना नाही. त्यामुळे कित्येक घरांत कागदावर एक आणि मंडळीत एक अशी दोन आयुष्यं आहेत. अशा घरात कुणी गेलं की ‘फोटो काढू नका, ग्रुपवर टाकू नका’ असं येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगावं लागतं. पोराची नोकरी जाईल, या भीतीनं बापाच्या कबरीवर क्रूस उभारायचा की नाही यावर घरात खल होतो. अशा लोकांसमोर उभं राहून बोलताना पाळकाची जीभ अडखळणारच.

पण गप्प बसल्यानं मंडळी एकत्र राहते, हा समज मला खोटा वाटतो. ज्याचं दुःख देवळात उच्चारलं गेलं नाही तो माणूस उठून जात नाही, तो तिथंच बसतो आणि मनातून निघून जातो. पुढच्या सणाला त्याची वर्गणी येते, तो येत नाही. आणि त्याचं न रडलेलं दुःख दुसऱ्या दारानं बाहेर पडतं. चर्च कमिटीच्या बैठकीत, दफनभूमीच्या भिंतीच्या ठेक्यावरून, सणाच्या दिवशी बँड कुठला आणायचा यावरून जी भांडणं होतात, त्यांतली निम्मी मुळात कुणाच्या तरी मरणाची असतात, असं माझं निरीक्षण आहे. कारण विचारलं तर बँडचं सांगतील. खरं कारण असतं की भाऊ गेला तेव्हा फादर दहा मिनिटांत निघून गेले, किंवा समोरच्या गटातलं कुणी दारात आलं नाही.

तेव्हा मला जे म्हणायचं आहे ते एवढंच: एकत्र रडायला एकमत व्हावं लागत नाही. एकमत होईपर्यंत थांबलो तर कुणीच रडणार नाही. कोण चुकलं याचा निवाडा पुढे होऊ दे, झालाच पाहिजे, पण तो शोकाच्या दारावर पहारेकरी म्हणून उभा करू नका. आणि हे शिकवायचं काम पक्ष करणार नाहीत, चॅनेल करणार नाहीत. ते तुमचं आहे.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. तुमच्याच ग्रंथात आहे, तुम्ही माझ्याहून जास्त वाचलं आहे.

यरुशलेम पडलं तेव्हा तिथले लोक आधीच दुभंगलेले होते. बाबेलपुढे मान तुकवावी म्हणणारे एकीकडे, मिसरच्या भरवशावर लढावं म्हणणारे दुसरीकडे. यिर्मया पहिली गोष्ट सांगत होता, म्हणून त्याला देशद्रोही ठरवून चिखलाच्या हौदात सोडलं गेलं. शेवटी त्यानं सांगितलं तसंच झालं. शहर जळालं. परंपरा ज्याच्या नावावर ‘विलापगीत’ सांगते तो हाच यिर्मया. त्या पाच अध्यायांत संदेष्ट्यांवर आणि याजकांवर ठपका आहे, स्वतःच्या लोकांच्या पापाची कबुली आहे, देवाशी भांडण आहे. फक्त ‘मी तेव्हाच सांगत होतो’ हा सूर कुठं नाही. ज्याला तो लावायचा सगळ्यात जास्त हक्क होता, त्यानंच तो लावलेला नाही. आज आपल्याकडे कुणी मेलं की पहिल्या तासात दोन्हीकडून हाच एक सूर निघतो.

दावीदाचं घ्या. शौलानं त्याला वर्षानुवर्षं रानोमाळ पळवलं, जिवावर उठला. तो रणात मेला तेव्हा दावीदानं त्याच्यासाठी आणि योनाथानासाठी विलाप रचला आणि तो यहूदाच्या लोकांना शिकवायचा हुकूम दिला. म्हणजे तो खासगी हुंदका नव्हता, सगळ्या मंडळीनं म्हणायचं शोकगीत होतं. त्यात शौलानं केलेल्या छळाचा एक शब्द नाही.

पण तोच दावीद पुढे अबशालोमासाठी रडला तेव्हा गोष्ट इतकी सोपी राहिली नाही. मुलानं बंड केलं होतं. राजासाठी जिवावर उदार होऊन लढलेलं सैन्य जिंकून परत आलं, आणि वर खोलीत राजा मुलासाठी ऊर बडवतो आहे हे ऐकून पळपुट्यासारखं चोरपावलांनी शहरात शिरलं. सेनापती यवाबानं राजाला खडसावलं की तुझा जीव वाचवणाऱ्यांचं तू तोंड काळं केलंस. मग राजा उठून वेशीत जाऊन बसला. यवाब कठोर होता, पण त्याचं म्हणणं पाळकांनी ऐकण्यासारखं आहे. एका बाजूसाठी ढाळलेले अश्रू दुसऱ्या बाजूला अपमान वाटू शकतात. म्हणून रडायचं नाही असं नव्हे. रडून झाल्यावर वेशीत येऊन बसायचं, सगळ्यांना दिसेल असं. मंडळीचा पाळक कुणासाठी रडला आणि कुणाच्या घरी गेलाच नाही, हे लोक बारकाईनं पाहतात.

दीडशे स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत. बहुतेकांच्या शेवटी आशेची कड येते. ८८वं असं आहे की ते अंधारातच संपतं. शेवटपर्यंत दिलासा नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मी मात्र ते कुठल्याही मयताला किंवा रविवारी मोठ्यानं वाचलेलं ऐकलेलं नाही. आपण पेटी उचलायच्या आधीच स्वर्गाची गाणी सुरू करतो. आशा ही आपल्या श्रद्धेचा कणा आहे, तिला माझा नकार नाही. पण आशा घाईनं दिली की ती ‘आता पुरे’ अशी ऐकू येते.

आता जगातली दोन-तीन उदाहरणं सांगते, कारण हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही.

उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षं प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक एकमेकांच्या जिवावर उठले होते. साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. डब्लिनमध्ये सेंट स्टीफन्स ग्रीनवर एक युनिटेरियन चर्च आहे. तिथं गुड फ्रायडेला या सगळ्या मृतांची नावं मोठ्यानं वाचतात. बॉम्बनं मेलेली बाई, ब्रिटिश सैनिक, पोलीस, आणि बंदूक हातात घेऊन मेलेला माणूससुद्धा. वाचायला तीनेक तास लागतात. भाषण नाही, शहीद कोण आणि खुनी कोण हे सांगणारं विशेषण नाही. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला वाटत असेल की यातलं अमुक नाव इथं नको होतं. तरी तो बसतो, कारण त्याच्या माणसाचंही नाव येणार असतं.

आपल्याकडे याची सोय आधीपासून आहे, आपण तिच्याकडे तशा नजरेनं पाहिलेलं नाही. चर्चच्या ऑफिसात मिस्सेच्या इंटेंशनची वही असते. लांबट, कडक पुठ्ठ्याची, कडांना मळलेली. तारीख, वेळ, कुणाच्या आत्म्यासाठी, कुणाकडून, बस. माझ्या सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाची मिस्सा लिहायला गेले तेव्हा त्याच पानावर वर गावं वगळण्याच्या आंदोलनात पुढे असलेल्या एका माणसाचं नाव होतं आणि खाली त्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्याचं. जिवंतपणी ते एका बाकावर बसले नसते. वहीत ते दोन ओळींच्या अंतरावर होते, आणि रविवारी फादरांनी दोन्ही नावं एका श्वासात वाचली. कुणी उठून गेलं नाही. पक्ष लिहायला त्या वहीत रकाना नाही. माझं सगळं पत्र त्या पानावर आहे म्हटलं तरी चालेल.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या चार्ल्सटनचं. १७ जून २०१५ला तिथल्या कृष्णवर्णीयांच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबल अभ्यासाला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या तरुणानं गोळ्या घातल्या. त्या लोकांनी त्याला आपल्यात बसवून घेतलं होतं. दोन दिवसांनी कोर्टात काही नातेवाइकांनी त्याला क्षमा केल्याचं सांगितलं. जगभर त्याचं कौतुक झालं, आणि कौतुकाच्या त्या गजरात ज्या घरांना अजून क्षमा करवत नव्हती, त्यांचं कुणी ऐकलं नाही. आपल्याकडे १९९९मध्ये ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं जिवंत जाळली गेली, तेव्हा ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. त्यांचं नाव प्रवचनात दर वर्षी येतं. यायलाच हवं. पण कृपा करून त्यांचं उदाहरण दुसऱ्या विधवेच्या अंगावर टाकू नका. क्षमा ही देणाऱ्याची देणगी आहे, बाहेरच्यांनी मागायची वर्गणी नाही. ज्या बाईचा मुलगा दंगलीत गेला तिला चौथ्या दिवशी ‘आता माफ कर’ म्हणणारा पाळक तिच्या दुःखाची जबाबदारी तिच्यावरच ढकलतो.

तिसरं उदाहरण तुमच्यासाठी आहे. दक्षिण आफ्रिकेत सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या एप्रिल १९९६मध्ये ईस्ट लंडन शहरात सुरू झाल्या. छळ सोसलेल्या एका म्हाताऱ्याची साक्ष ऐकताना अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडले. पुढे त्यांनी ठरवलं की सुनावणीत पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, कारण वर्तमानपत्रांनी त्यांच्याच रडण्याची बातमी केली आणि ज्याची साक्ष होती तो मागे पडला. रडायचं तर घरी किंवा चर्चमध्ये. तुम्हीही माणसं आहात. आठवड्यात तीन दफनं करून संध्याकाळी साखरपुड्याला आशीर्वाद द्यायला जाता. तुमच्या शोकालाही जागा हवी, ती तुमच्या बिशपांनी आणि सहकारी पाळकांनी द्यावी. शोकसभेत मात्र मध्यभागी मयत आणि त्याचं घर असू द्या.

आता माझ्या मागण्या. पैसे लागणार नाहीत, परवानगी लागणार नाही.

पहिली. देशात कुठंही हिंसेत किंवा अन्यायानं माणसं मेली, आणि आपल्या मंडळीत त्याची चर्चा आहे असं दिसलं, की पुढच्याच रविवारी त्यांची नावं घ्या. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत घ्या, मध्यस्थीच्या प्रार्थनेत घ्या. नाव, गाव, कसं गेलं, एवढंच. ‘कोठडीत असताना वारले’ हे सत्य आहे, ते लपवू नका. ‘जमावानं मारलं’ हेही सत्य आहे. विशेषण गाळा, सत्य गाळू नका. आणि ती माणसं ख्रिस्ती नसली तरीही घ्या. पहलगामला एप्रिल २०२५मध्ये पर्यटकांना धर्म विचारून मारलं, त्यांत आपल्या महाराष्ट्रातली माणसं होती. ती नावं आपल्या देवळात घेतली गेली असतील तर बस्तरचं नाव घेताना आपली जीभ अडणार नाही. घेतली नसतील तर आपणही बाजू पाहूनच रडतो, असं शेजाऱ्यानं म्हटलं तर काय उत्तर देणार?

दुसरी. दफनाच्या विधीला माइकवर फक्त घरचे आणि मंडळीचे लोक बोलतील, असा नियम करा आणि तो सगळ्या पक्षांना सारखा लावा. आमदार आले, नगरसेवक आले, जरूर येऊ देत. बाकावर बसू देत, मूठभर माती टाकू देत. श्रद्धांजलीचं भाषण आणि फ्लेक्स चर्चच्या आवारात नको. पहिल्यांदा हा नियम ज्याला लावाल तो रुसेल. दुसऱ्यांदा त्याच्या विरोधकाला लावाल तेव्हा त्याचा रुसवा जाईल.

तिसरी. वर्षातून एक तरी उपासना निव्वळ विलापाची ठेवा. उपवासकाळातला एखादा शुक्रवार चालेल. ८८वं स्तोत्र वाचा, विलापगीतातला एक अध्याय वाचा, आणि मग दहा मिनिटं काही बोलू नका. ज्याला जे गमावलं त्याचं नाव घ्यायचं आहे त्यानं उभं राहून घ्यावं. त्यात माणसंच असतील असं नाही. वसईत कुणी आपली केळीची वाडी आणि गोड्या पाण्याची विहीर गेल्याचं म्हणेल. मराठवाड्यात कुणी गाव सोडावं लागल्याचं म्हणेल. कुणी म्हणेल, माझा भाऊ आहे पण माझ्याशी बोलत नाही. तेही मरणच आहे, त्याची मिस्सा कुणी लिहून घेत नाही एवढंच. त्या दिवशी प्रवचन नको. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, तोवर ते मित्र होते. समजावून सांगायला लागले तिथून बिघडलं.

चौथी. महिन्याची मिस्सा झाली, स्मरणाची उपासना झाली की घरी येणारी माणसं थांबतात. खरी रात्र तिथून सुरू होते. चाळीस दिवसांनंतर आणि मग वर्षभर अधूनमधून कुणी जायचं, हे मंडळीतल्या दोघादोघांना वाटून द्या. जोड्या लावताना एक शहाणपण करा: ज्यांची मतं एक त्यांना एकत्र पाठवू नका. राजकारणावर एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन माणसांना एका विधवेच्या ओट्यावर तासभर बसवा. तिच्याशी बोलतील, तिच्या गॅसच्या नंबराचं, पेन्शनच्या कागदांचं बघतील. त्या कामात त्यांच्यात जे होईल ते तुमच्या ऐक्यावरच्या दहा प्रवचनांनी व्हायचं नाही.

पाचवी ग्रुपच्या अॅडमिनसाठी. मरणाच्या बातमीखाली नऊ दिवस फक्त सांत्वन. वाद करायचा असेल तर दहाव्या दिवशी करा, वेगळ्या ठिकाणी करा. बहुतेक वाद दहाव्या दिवसापर्यंत टिकत नाहीत.

तुमच्यापैकी जे अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरतात त्यांना हे पत्र मवाळ वाटेल. ‘आधी रडा’ म्हणजे ‘नंतर गप्प बसा’ असं मी म्हणतेय असं त्यांना वाटेल. तसं नाही. दुःख मोजायचं नसतं, अन्याय मात्र मोजावाच लागतो. आणि सगळ्यांचं रडू खरं असलं म्हणून सगळे सारखेच निर्दोष होत नाहीत. देह शवागारात अडकवणाऱ्याला, आजारी म्हाताऱ्याला पाण्याच्या स्ट्रॉसाठी अर्ज करायला लावणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारलाच पाहिजे. त्यासाठी मोर्चा आहे, न्यायालय आहे, मतपेटी आहे, आणि तुमचं व्यासपीठसुद्धा आहे. माझं म्हणणं इतकंच की जी मंडळी एकत्र रडलेली असते तिला जाब विचारतानाही एकत्र उभं राहता येतं. जी रडलेली नसते ती मोर्चात निम्मी येते आणि निम्मी घरी बसून तिच्यावर टीका करते.

आणि ज्यांना ‘देवळात राजकारण नको’ हे पटतं, त्यांना विनंती की तेच वाक्य नाक्यावरच्या फ्लेक्ससमोरही म्हणा. सत्तेतला माणूस वेदीपाशी उभा राहून भाषण करतो तेव्हा ते राजकारण वाटत नाही आणि कोठडीत मेलेल्या म्हाताऱ्याचं नाव घेतलं की वाटतं, तर मग ती बाजू घेणंच झालं.

येत्या २ नोव्हेंबरला तुम्ही कबरींवर पाणी शिंपडायला याल, पाळकसाहेब स्मरणाची उपासना घेतील. त्या दिवशी वहीतली या वर्षीची सगळी नावं वाचा. त्यानंतर आपल्या घरातली नसलेली, पण या वर्षी या देशात माणसाच्या हातून मेलेली दहा नावं वाचा. ती निवडायला मंडळीतल्या तिघांना बसवा, तिघं वेगवेगळ्या मतांचे असू देत. यादी करताना ते भांडतील. भांडू द्या. शनिवारी रात्री त्यांनी एकत्र बसून दहा नावांवर सह्या केल्या तर तुमची मंडळी अजून शाबूत आहे असं समजा. आणि यादी झालीच नाही तर तेही रविवारी वेदीवरून सांगा, म्हणजे आपण कुठं आहोत ते आपल्याला कळेल.

आपली नम्र,
नगरच्या मंडळीची लेक आणि वसईच्या पॅरिशची सून